ग्रीनलंडचा बर्फ किती घटला? उपग्रहांच्या गुरुत्वमापनातून स्वतः हिशेब काढण्याची पद्धत

ग्रीनलंडचा बर्फ दरसाल सरासरी २७० गिगाटनांच्या आसपास घटतो आहे, हा आकडा बातम्यांमध्ये वारंवार येतो. एक गिगाटन म्हणजे शंभर कोटी टन, पाण्याच्या हिशेबात एक घन किलोमीटर. पृथ्वीचं गुरुत्व मोजणाऱ्या उपग्रहांच्या ज्या माहितीतून हा आकडा निघतो ती सगळ्यांसाठी मोफत खुली आहे. साधा लॅपटॉप आणि पायथॉनची बऱ्यापैकी ओळख एवढ्यावर कोणताही पदवीचा विद्यार्थी तो स्वतः काढू शकतो, आणि भूगोल, भौतिकशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी तो काढावा असं मला मनापासून वाटतं. हवामानबदलावर बोलताना आपण नेहमी दुसऱ्याने काढलेले आकडे वापरतो. हा एक आकडा मुळापासून तपासता येतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. या उपग्रहांना बर्फ दिसत नाही. त्यांना वस्तुमान जाणवतं, आणि त्या वस्तुमानात बर्फ, जमिनीखालचं पाणी, समुद्र, हवा आणि पृथ्वीच्या पोटात हळूहळू सरकणारा खडक, सगळं एकत्र असतं. दुकानदार तेल तोलण्याआधी रिकाम्या भांड्याचा धडा करून घेतो, तसं इथे प्रत्येक पायरीवर काय वजा करायचं आणि कोणी ते आधीच वजा केलंय, हे ठाऊक असावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच कामाच्या आहेत.

उपग्रह नेमकं काय मोजतात

नासा आणि जर्मनीच्या डीएलआर या संस्थांनी १७ मार्च २००२ रोजी रशियातल्या प्लेसेत्स्क तळावरून ‘ग्रेस’ मोहिमेचे दोन जुळे उपग्रह सोडले. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर, जवळजवळ ध्रुवांवरून जाणाऱ्या एकाच कक्षेत ते एकामागोमाग फिरत होते आणि त्यांच्यातलं अंतर साधारण २२० किलोमीटर होतं. पुढचा उपग्रह एखाद्या जड प्रदेशाजवळ आला की तो आधी ओढला जातो आणि अंतर किंचित वाढतं. मागचा तिथे पोहोचला की ते पुन्हा कमी होतं. हा बदल मायक्रॉनच्या घरातला असतो आणि तो सूक्ष्मलहरींच्या दुव्याने मोजला जाई. विरळ हवेचा रोध वेगळा काढण्यासाठी प्रत्येक उपग्रहात त्वरणमापक होता. महिनाभराची अशी मोजमापं एकत्र केली की त्या महिन्याचा पृथ्वीचा गुरुत्वीय नकाशा तयार होतो. दोन महिन्यांच्या नकाशांतला फरक म्हणजे मधल्या काळात वस्तुमान कुठून कुठे गेलं त्याचा हिशेब.

ग्रेस २०१७ मध्ये थांबली. २२ मे २०१८ रोजी तिची उत्तराधिकारी ‘ग्रेस फॉलो-ऑन’ कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्गवरून निघाली. या वेळी जर्मनीकडून जीएफझी ही संस्था सहभागी होती, आणि अंतर मोजायला जोडीला लेसरही आला. दोन्ही मोहिमा मिळून वीस वर्षांहून मोठी मालिका आज हाताशी आहे, मध्ये जुलै २०१७ ते मे २०१८ असा अकरा महिन्यांचा खंड सोडून.

कोणती माहिती घ्यायची

इथे दोन वाटा फुटतात. पहिली वाट स्फेरिकल हार्मोनिक गुणकांची. पृथ्वीच्या गोलावरचं क्षेत्र लहानमोठ्या लहरींच्या बेरजेत मांडलं की प्रत्येक लहरीचा जो आकडा येतो तो गुणक; श्रेणी जितकी वरची, तितकी लहर बारीक. टेक्सास विद्यापीठाचं सीएसआर, नासाची जेपीएल आणि जर्मनीची जीएफझी ही तीन केंद्रं दर महिन्याला पृथ्वीचं गुरुत्वक्षेत्र गुणकांच्या यादीच्या रूपात प्रसिद्ध करतात. त्यावरून जमिनीवरचं वस्तुमान काढणं तुमच्याकडे. दुसरी वाट मॅसकॉनची. यात पृथ्वीचा पृष्ठभाग ठरावीक आकाराच्या तुकड्यांत वाटून प्रत्येक तुकड्यावर किती वस्तुमान वाढलं किंवा घटलं हे केंद्रानेच सोडवून दिलेलं असतं. जेपीएलच्या मांडणीत असे ४,५५१ तुकडे आहेत, प्रत्येक साधारण तीन अंश व्यासाचा.

सुरुवात मॅसकॉनपासून करा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. उत्तर लवकर हाती येतं आणि ते बरोबर आहे की नाही हे तपासता येतं. हार्मोनिकची वाट त्यानंतर चालावी, कारण मॅसकॉनच्या आत काय काय दडलंय ते तिच्यामुळेच कळतं.

नासाच्या अर्थडेटा संकेतस्थळावर मोफत खातं उघडा आणि पीओडॅक या माहितीसाठ्यातून जेपीएलची सर्वांत अलीकडची मॅसकॉन फाइल उतरवून घ्या. किनाऱ्यासाठी सुधारणा केलेली, म्हणजे सीआरआय गाळणी लावलेली आवृत्ती निवडा. ग्रीनलंडची सगळ्यात मोठी घट किनाऱ्यालगत होते, आणि एकाच तुकड्यात जमीन व समुद्र दोन्ही आले तर ही गाळणी त्यांचा वाटा वेगळा करते. फाइल नेटसीडीएफ स्वरूपाची असते आणि पायथॉनमधलं एक्सअ‍ॅरे ती सहज उघडतं.

फाइल उघडल्यावर आधी काय वाचायचं

आकडेमोडीला हात घालण्याआधी फाइलच्या शीर्षभागातली माहिती अथपासून इतिपर्यंत वाचा. तिथे चार गोष्टी शोधायच्या.

पहिली, एकक. मुख्य चलात ‘पाण्याच्या समतुल्य जाडी’ सेंटिमीटरमध्ये असते. ही पाण्याची जाडी आहे, बर्फाची नव्हे, म्हणून पुढे कुठेही बर्फाच्या घनतेने गुणू नका.

दुसरी, शून्य कशाला मानलंय. जेपीएलच्या फाइलमध्ये २००४ ते २००९ या सहा वर्षांची सरासरी शून्य धरलेली असते. त्यामुळे २००२ चे आकडे ग्रीनलंडवर धन येतात आणि अलीकडचे ऋण. धन आकडा पाहून तिथे बर्फ साठला असं समजू नका. अर्थ फक्त दोन तारखांमधल्या फरकाला आहे.

तिसरी, कोणत्या दुरुस्त्या आधीच झाल्यात. त्यातली सर्वांत महत्त्वाची जमिनीच्या उसळीची आहे, तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिलंय.

चौथी, फाइलसोबत येणारे प्रमाणगुणक. ते जमिनीवरच्या पाण्याच्या मॉडेलवरून काढलेले आहेत आणि नदीखोऱ्यांच्या अभ्यासासाठी उपयोगी आहेत. बर्फासाठी ते लावू नका.

शिवाय फाइलमधली चौकटींची जाळी अर्ध्या अंशाची असली तरी प्रत्यक्ष मोजमाप तीन अंशांच्या तुकड्यांचं आहे. अख्खं ग्रीनलंड अशा वीसेक तुकड्यांत बसतं. शेजारच्या दोन चौकटींत फरक दिसला म्हणून अमुक हिमनदी तमुक हिमनदीपेक्षा जास्त वितळते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

ग्रीनलंड कापून वेगळं काढणं

फाइलमध्ये रेखांश शून्य ते ३६० असे असतात. ग्रीनलंड साधारण २८७ ते ३४९ रेखांश आणि ५९.५ ते ८४ उत्तर अक्षांश यांत मावतं. मात्र नुसता चौकोन कापलात तर त्यात कॅनडाच्या एल्समीर बेटाचा भाग आणि आइसलंडही येईल. एल्समीर आणि ग्रीनलंड यांच्यामध्ये नेरेसची अरुंद सामुद्रधुनी आहे, आणि कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटांवरचा बर्फही दरसाल काही दहा गिगाटनांनी घटतो आहे. ती घट ग्रीनलंडच्या खात्यात गेली की आकडा फुगतो. म्हणून ग्रीनलंडच्या सीमेची शेपफाइल (सीमारेषेची नकाशा-फाइल) घेऊन तिच्यावरून मुखवटा, म्हणजे कोणत्या चौकटी धरायच्या आणि कोणत्या सोडायच्या याचा तक्ता, तयार करा, आणि तो नकाशावर रंगवून डोळ्यांनी पाहून घ्या. वायव्य टोकाकडे विशेष लक्ष द्या.

हिमचादर आणि बेटाच्या कडेच्या सुट्या हिमनद्या यांना गुरुत्वमापन वेगळं करू शकत नाही. तुमचं उत्तर दोन्हींचं मिळून असेल, आणि तसं लिहायला हवं. पुढे कोणी त्यात जगातल्या सगळ्या हिमनद्यांची घट मिळवायला गेलं, तर कडेच्या हिमनद्या दोनदा मोजल्या जातात. ही दुहेरी मोजणी छापील लेखांतही आढळते.

सेंटिमीटरवरून गिगाटनांकडे

अर्ध्या अंशाची चौकट विषुववृत्तावर सुमारे ३,०९० चौरस किलोमीटरची असते, तर ७५ अक्षांशावर फक्त ८०० ची. म्हणून साधी सरासरी इथे चालत नाही. प्रत्येक चौकटीचं क्षेत्रफळ असं काढा: पृथ्वीच्या त्रिज्येचा वर्ग, गुणिले रेखांशातला फरक रेडियनमध्ये, गुणिले वरच्या आणि खालच्या अक्षांशांच्या साइनमधला फरक. सूत्र बरोबर लिहिलंय का हे पाहण्यासाठी जगभरच्या चौकटींची बेरीज करा. ती ५१ कोटी चौरस किलोमीटर यायला हवी.

मग जाडीला क्षेत्रफळाने गुणा. ७५ अक्षांशावरच्या एका चौकटीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ०.००००१ किलोमीटर गुणिले ८००, अर्थात ०.००८ घन किलोमीटर, तेवढेच गिगाटन. मुखवट्यातल्या सगळ्या चौकटींची अशी बेरीज प्रत्येक महिन्यासाठी केली की तुमच्याकडे ग्रीनलंडच्या वस्तुमानाची मालिका तयार होते. ती आलेखावर काढा. उतरत्या रेषेवर दरवर्षीचे दात दिसतील: शरद ऋतूपासून वसंतापर्यंत हिमवर्षावाची भर आणि जून ते ऑगस्टमध्ये तीव्र घट. २०१२ आणि २०१९ चे उन्हाळे ठळक उठून दिसायला हवेत. २०१९ मध्ये ग्रीनलंडने ५३२ गिगाटन गमावले, त्यातले २२३ एकट्या जुलैमध्ये. उलट २०१३ च्या उन्हाळ्यापासून वर्षभराहून अधिक काळ घट जवळपास थांबली होती. हे तिन्ही प्रसंग तुमच्या आलेखात नसतील तर पुढे न जाता मुखवटा आणि काळाचा अक्ष पुन्हा तपासा.

जमिनीची उसळी

सर्वांत जास्त वेळ द्यावा अशी ही पायरी आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, उत्तर अमेरिका, युरोपचा उत्तर भाग आणि अंटार्क्टिका इथे आजच्यापेक्षा कितीतरी जाड बर्फ होता. त्याच्या भाराने खालची जमीन दबली आणि पोटातला चिकट खडक बाजूला सरकला. बर्फ गेल्यावर तो खडक परत येऊ लागला आणि अजूनही येतो आहे. कॅनडातल्या हडसन उपसागराच्या आसपास आज हिमचादर नाही, तरी ग्रेसच्या नकाशात तिथे वस्तुमान सतत वाढताना दिसतं. तो हा परतणारा खडक.

अंटार्क्टिकाखाली हेच घडतं, फक्त वर अजून बर्फ आहे. उपग्रहाला दोन्हींची बेरीज जाणवते. खाली खडक वाढतो, वर बर्फ घटतो आणि घट खऱ्यापेक्षा कमी भासते. म्हणून उसळीचा अंदाज मॉडेलमधून घेऊन वजा करावा लागतो. जेपीएलच्या मॅसकॉनमध्ये आइस-सिक्स-जी-डी या मॉडेलने ती आधीच वजा केलेली असते. तुम्ही पुन्हा वजा केलीत तर घट कृत्रिमरीत्या वाढेल. हार्मोनिक गुणकांमध्ये ती केलेली नसते, तिथे तुम्हालाच करावी लागते.

ग्रीनलंडसाठी या दुरुस्तीचा आकार मूळ संकेताच्या तुलनेत लहान आहे. अंटार्क्टिकाची गोष्ट वेगळी. तिथे ही दुरुस्ती दरसाल अनेक दहा गिगाटनांची असते आणि मॉडेल बदललं की उत्तर लक्षणीय सरकतं, कारण बर्फाखालच्या खडकावर मोजमापाची ठिकाणं फार थोडी आहेत. अंटार्क्टिकाचा आकडा काढणार असाल तर किमान दोन वेगळ्या मॉडेलांनी काढा आणि दोन्ही उत्तरं द्या.

हार्मोनिकच्या वाटेने जायचं असेल तर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी तीन ठिकाणचे गुणक बदलायचे. पहिल्या श्रेणीचे गुणक ग्रेसला मोजताच येत नाहीत, कारण उपग्रह पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राभोवतीच फिरतात. ते स्वतंत्र तक्त्यातून घ्यावे लागतात. पृथ्वीचा चपटेपणा सांगणारा सी-दोन-शून्य ग्रेसमधून विश्वासार्ह निघत नाही. तो लॅजिओससारख्या उपग्रहांवर जमिनीवरून लेसर टाकून केलेल्या मोजमापातून घेतात. २०१६ च्या उत्तरार्धापासून सी-तीन-शून्यही तसाच बदलावा लागतो, कारण तेव्हापासून दोनपैकी एका उपग्रहाच्या त्वरणमापकाची माहिती नीट मिळत नाही, आधी ग्रेसमध्ये आणि मग ग्रेस फॉलो-ऑनमध्येही. हे तिन्ही तक्ते माहितीसाठ्यात तांत्रिक टिपणांच्या स्वरूपात असतात. अंटार्क्टिका नेमकी ध्रुवावर असल्यामुळे या बदलांचा परिणाम तिथे फार मोठा होतो.

त्यानंतर दीर्घकालीन सरासरी आणि जमिनीची उसळी वजा करा. उरलेल्याचा नकाशा काढलात तर उत्तर-दक्षिण पट्टेच पट्टे दिसतील. उपग्रह एकाच दिशेत मोजतात, म्हणून पूर्व-पश्चिम दिशेचा गोंगाट राहतो. त्यावर पट्टे काढणारी गाळणी आणि साधारण ३०० किलोमीटर त्रिज्येची गाऊसी मृदुता, म्हणजे जवळच्या जागांना जास्त वजन देणारी आसपासची सरासरी, लावतात. शेवटी जॉन वार आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या सूत्राने, भाराखाली पृथ्वी किती वाकते ते सांगणारे लव्ह क्रमांक वापरून, गुणकांचं रूपांतर पाण्याच्या जाडीत होतं.

या मृदुतेची किंमत मोजावी लागते. किनाऱ्यावरच्या घटीचा मोठा वाटा नकाशावर समुद्रात सांडतो, आणि जमिनीचा मुखवटा लावून बेरीज केली की उत्तर फारच कमी येतं. यावर उपाय असा: किनाऱ्यालगत घट किती असेल याचा एक अंदाज धरा, त्या अंदाजावर तीच गाळणी आणि तीच मृदुता चालवा, निकाल उपग्रहाच्या नकाशाशी ताडून पाहा आणि दोन्ही जुळेपर्यंत अंदाज दुरुस्त करत राहा. साठाव्या श्रेणीपर्यंतच्या गुणकांत ३३० किलोमीटरपेक्षा बारीक तपशील मुळातच नसतो, त्यामुळे हे काम टाळता येत नाही.

दर काढणं

दोन टोकांचे बिंदू जोडून दर काढू नका. मालिकेवर किमान वर्ग पद्धतीने असं मॉडेल बसवा ज्यात स्थिरांक, सरळ उतार, वार्षिक आणि अर्धवार्षिक आवर्तनं असतील. भरतीच्या दुरुस्तीतून उरणारं १६१ दिवसांचं आवर्तनही घाला. काळ म्हणून प्रत्येक महिन्याच्या मोजमापाची खरी मध्यतारीख दशांश वर्षात वापरा. २०११ पासून ग्रेसची बॅटरी जपण्यासाठी उपकरणं मधूनमधून बंद ठेवली जात, म्हणून महिने गळलेले आहेत आणि उरलेल्यांचं अंतर समान नाही. गळलेले महिने किंवा अकरा महिन्यांचा खंड मधले आकडे कल्पून भरू नका. किमान वर्ग पद्धतीला त्याची गरज नसते.

कोणत्या वर्षांपासून कोणत्या वर्षांपर्यंतचा दर आहे, हे उत्तराचाच भाग समजा. २०१२ ला संपणारी दहा वर्षं आणि २०१३ ला सुरू होणारी पाच वर्षं यांचे दर वेगळे येतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

अनिश्चिततेचं काम मात्र पुष्कळजण अर्धवट सोडतात. रेषा बसवताना आज्ञावली जी चूक दाखवते ती फार लहान असते, कारण लागोपाठच्या महिन्यांची विचलनं एकमेकांशी जोडलेली असतात. शिवाय उसळीच्या मॉडेलची आणि सांडण्याची अनिश्चितता त्यात नसते. समजा रेषेची अनिश्चितता ५, उसळीची १० आणि सांडण्याची १५ गिगाटन धरली, तर वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ सुमारे १९ येतं. तिन्ही केंद्रांचे निकाल जुळले म्हणून ती शून्य होत नाही. तिन्ही केंद्रं त्याच दोन उपग्रहांची माहिती वापरतात.

उत्तर पटण्यासारखं आहे का

संपूर्ण मालिकेवर ग्रीनलंडचा दर उणे २७० च्या आसपास यायला हवा, अंटार्क्टिकाचा साधारण त्याच्या निम्मा. दसपट किंवा शंभरपट फरक दिसला तर एककं तपासा. समुद्रपातळीत रूपांतर करायचं तर सुमारे ३६२ गिगाटन म्हणजे जगभर सरासरी एक मिलिमीटर, म्हणजे ग्रीनलंडचा वाटा दरसाल पाऊण मिलिमीटरच्या जवळ. ही सरासरी आहे, हे विसरू नका. बर्फ गेला की हिमचादरीचं समुद्राच्या पाण्यावरचं आकर्षणही कमी होतं, त्यामुळे ग्रीनलंडच्या किनाऱ्याजवळ पातळी उतरते आणि दूरच्या उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा थोडी जास्त चढते. कोकणचा किनारा या दूरच्या बाजूला येतो.

ताडून पाहायला स्वतंत्र पद्धती आहेत. आइससॅट-२ आणि क्रायोसॅट-२ बर्फाची उंची मोजतात. तिसऱ्या पद्धतीत पडलेला हिम आणि समुद्रात गेलेला बर्फ यांची वजाबाकी होते. या तिन्ही एकत्र करणाऱ्या ‘इंबी’ प्रकल्पाने १९९२ ते २०१८ या काळात ग्रीनलंडची घट ३,९०२ गिगाटन काढली, अनिश्चितता ३४२. उंचीच्या पद्धतीत बर्फ आणि भुसभुशीत हिम यांची घनता गृहीत धरावी लागते; गुरुत्वमापनाला तो प्रश्न पडत नाही. मात्र समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळला तर गुरुत्वमापनात जवळपास काहीच दिसत नाही, कारण तो आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो. २००२ च्या सुरुवातीला अंटार्क्टिकातली लार्सन-बी ही तरंगती हिमफळी कोसळली. अशा घटनेनंतर मागच्या हिमनद्या वेगाने समुद्राकडे सरकू लागतात, आणि उपग्रहाच्या हिशेबात येते ती ही नंतरची घट.

हीच पद्धत हिमालयावर

ग्रीनलंड जमलं की आपल्याकडच्या वाचकाचा पुढचा प्रश्न हिमालयाचाच असतो. एकेकट्या हिमनदीचा विचार सोडून द्यावा लागेल. गंगोत्री हिमनदी सुमारे १४० चौरस किलोमीटरची आहे. तिच्यावरून वर्षाला एक मीटर पाणी गेलं तरी ते ०.१४ गिगाटन होतं. ३०० किलोमीटर बाजूच्या चौकोनात ते पसरलं तर जाडी दीड मिलिमीटर भरते, आणि तेवढा फरक मोसमी पावसाच्या चढउतारात बुडून जातो.

अख्खी पर्वतरांग घेतली तरी अडचण शेजाऱ्यांची आहे. दक्षिणेला पंजाब, हरियाणा आणि राजस्थानात भूजलाचा उपसा इतका आहे की ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात तिथे १०९ घन किलोमीटर भूजल कमी झाल्याचं मॅथ्यू रोडेल आणि सहकाऱ्यांनी ग्रेसच्याच माहितीवरून २००९ मध्ये दाखवलं. ती घट सांडून हिमालयावर येते आणि बर्फाची घट म्हणून मोजली जाऊ शकते. उत्तरेला तिबेटच्या पठारावरची बंदिस्त सरोवरं फुगत आहेत आणि तिथलं वाढतं वस्तुमान उलट दिशेने फसवतं. म्हणूनच आशियातल्या उंच पर्वतांसाठी २०१० च्या एका अभ्यासात दरसाल ४७ गिगाटन घट निघाली, तर २०१२ च्या दुसऱ्या अभ्यासात फक्त ४, आणि तिची अनिश्चितता २०. उपग्रह तेच, काळही जवळपास तोच. फरक बव्हंशी शेजारचं काय आणि कसं वजा केलं याचा होता.

इथे मी सुचवेन ती रीत उलटी आहे. हिमनद्यांची घट उपग्रहांच्या छायाचित्रांतून काढलेल्या उंचीच्या नकाशांवरून घ्या. जगभरच्या हिमनद्यांचे असे नकाशे आता उपलब्ध आहेत. गुरुत्वमापनातून सिंधू, गंगा किंवा ब्रह्मपुत्रेच्या संपूर्ण खोऱ्यातला एकूण बदल काढा. एकूणातून हिमनद्यांची घट आणि मॉडेलमधला मातीतला ओलावा, साचलेला हिम व पृष्ठभागावरचं पाणी वजा करा. जे उरतं तो भूजलाचा अंदाज. तो केंद्रीय भूजल मंडळाच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींशी ताडून पाहा. कठीण खडकाच्या प्रदेशापेक्षा गाळाच्या मैदानात ही तुलना अधिक सरळ होते, म्हणून सुरुवात पंजाब-हरियाणाच्या पट्ट्यापासून करा.